बांबूची जमीन घेण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी विदुषी पाहुण्या येतात, त्या बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की, आपल्यातल्याच एकीने तिला जे ठाऊक आहे ते चार शब्दांत सांगावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझे माहेर कुडाळ तालुक्यातले, घराच्या पाठीमागे माणग्याची पाच बेटे. आणि सासर सुताराचे. गेली पंधरा-सोळा वर्षे आमच्या घरातून लाकडाच्या आणि बांबूच्या जमिनी बसवून देण्याचे काम होते. बांबू मी बेटात उभा पाहिला, तोडलेला पाहिला आणि पॉलिश होऊन खोक्यात बंद झालेलाही पाहिला. म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा.

दुसरे कारण तुम्हां सर्वांना माहीत आहे. आपल्या डोंबिवलीत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. नव्या जागेत जमीन कशाची हवी, असा एक छापील कागद सभासदांकडे येतो. तो कागद भरतात घरचे पुरुष, रंग पसंत करतात मुले, आणि पुढे तीस वर्षे ती जमीन झाडते-पुसते ती बाई त्या वेळी स्वयंपाकघरात चहा करीत असते! अलीकडे त्या कागदावर विट्रिफाइड लादी, संगमरवर यांच्या जोडीला 'बांबू फ्लोअरिंग' असेही लिहिलेले असते. त्याचा खर्च चांगल्या लादीच्या दुपटीतिपटीवर जातो. तेवढे पैसे घालायचे, तर आपण काय घेत आहोत हे आधी कळायला नको का?

बांबूची जमीन म्हणजे गावाकडे माळ्यावर काठ्या अंथरून वर मातीचा थर देतात, ती नव्हे. कारखान्यात बांबू उभा चिरून त्याच्या लांब पट्ट्या काढतात. वरची हिरवी साल आणि आतला मऊ भाग रंधून टाकतात. पट्ट्या औषधी पाण्यात उकळतात, भट्टीत वाळवतात, आणि रासायनिक सरस लावून दाबाखाली एकमेकींना चिकटवतात. पट्ट्या आडव्या निजवून चिकटवल्या, तर फळीवर बांबूची पेरे स्पष्ट दिसतात. उभ्या कडेवर चिकटवल्या, तर नुसत्या बारीक रेघा दिसतात. तिसरा प्रकार 'स्ट्रँड वोव्हन' म्हणून मिळतो. त्यात बांबूचे धागे ठेचून मोकळे करतात, सरसात भिजवतात आणि प्रचंड दाबाने त्यांचा ठोकळा करून त्यातून फळ्या कापतात. ही फळी हातात घेतली की दगडासारखी जड लागते.

दुकानदार तुम्हांला सगळ्यात आधी कठीणपणा सांगेल. त्याच्या माहितीपत्रकावर 'जान्का' नावाचा आकडा असतो. पोलादाची एक लहान गोळी फळीत निम्मी रुतवायला किती पौंड जोर लागला, तो हा आकडा. सागवानाचा साधारण १००० ते ११००, साध्या पिवळ्या बांबूचा १३०० ते १४००, आणि स्ट्रँड वोव्हनचा ३०००च्या आसपास. तपकिरी रंगाची फळी मात्र रंग लावून तपकिरी केलेली नसते. बांबू दाबाखाली वाफवला की त्यातली साखर करपते आणि तो रंग येतो. पण त्याबरोबर फळी नरमही होते आणि आकडा १००० ते ११००वर उतरतो. तपकिरी म्हणजे जून आणि पक्की, असे कोणी सांगितले तर हसून पुढे चालावे.

आकडे खरे आहेत. पण ते आपल्यासाठी कितपत उपयोगी, याचा विचार करा. ज्या देशांत ही जमीन जास्त खपते, तिथे माणसे बूट घालून घरभर हिंडतात. उंच टाचांची खूण पडू नये, ही त्यांची काळजी. आपण चपला दाराबाहेर काढतो. आपल्या जमिनीवर अनवाणी पाय पडतात, आणि त्याबरोबर पडते पाणी. सकाळी लादी पुसायची, न्हाणीतून ओल्या पायांनी देवघरात जायचे, माठाखाली ओल, पावसाळ्यात दारात निथळणाऱ्या छत्र्या, गणपतीत तर विचारूच नका. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, दुकानदार कठीणपणाचे सांगू लागला तर त्याचे ऐकून घ्यावे, पण आपण पहिला प्रश्न पाण्याचा करावा. 'ओली झाली तर काय होते? कडेने पाणी शिरले तर काय होते?' आणि याचे उत्तर तोंडी घेऊ नये, तुकडा मागून घ्यावा. तो कसा तपासायचा ते पुढे सांगते.

त्याआधी बांबूच्या वयाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तो पूर्ण जाडीचाच येतो, आणि एका हंगामातच पूर्ण उंच होतो. चिनी मोसो बांबू, ज्याच्या जमिनी जगभर जातात, तो तर दोनेक महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतो. जाहिरातीत लिहितात, 'झपाट्याने वाढणारा.' खरे आहे. पण उंच झाला म्हणजे पिकला असे नाही. आपली मुलेही सोळाव्या वर्षी बापाएवढी होतात, म्हणून काय संसार सोपवायचा? बांबूचे अंग घट्ट व्हायला त्यानंतर तीन-चार वर्षे लागतात. जमिनीसाठी मोसो पाच-सहा वर्षांचा झाल्यावर तोडतात. घाईने दोन-तीन वर्षांचा तोडला, तर त्यात पाणी जास्त राहते, पट्टी आकसते, वाकते, आणि नखाने दाबली तरी खूण पडते.

माझे वडील बेटात शिरले की कोयतीच्या पाठीने काठीवर टकटक करीत. कोवळी काठी बद्द वाजते, जून काठी खणखणीत वाजते. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी असते, पेराशी साल चिकटलेली असते. जुनीवर दगडफुलासारखे डाग दिसतात. आमच्याकडे बुरूड यायचे, ते सुपा-टोपल्यांसाठी कोवळी काठी मागत, कारण ती वळते. घराच्या वाशासाठी मात्र जुनीच काठी. एकाच बेटातला बांबू. पण बुरडाचे वेगळे, सुताराचे वेगळे.

तोडायचा तो थंडीत, आणि वडील म्हणत, अंधाऱ्या पंधरवड्यात. पावसात किंवा पावसाच्या तोंडाशी तोडायचा नाही. नवे कोंब पोसण्यासाठी बेटाने काठ्यांत पीठ साठवलेले असते, आणि त्या पिठावर भुंगा येतो. मग तोडलेल्या काठ्या वहाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून आठवडेच्या आठवडे ठेवीत. बाहेर काढल्या की असा वास सुटे की, आम्ही मुली नाकाला पदर लावून पळत असू. पण त्या पाण्याबरोबर बांबूतले पीठ निघून जाई, आणि त्या काठ्यांचे वासे पुढे वर्षानुवर्षे टिकत. कारखान्यात पट्ट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात उकळतात, तो याच कामाचा दुसरा मार्ग. ते नीट झाले नसेल, तर वर्षभरात फळीच्या कडेला बारीक पिवळे पीठ पडलेले दिसते. झाडून टाकले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! तो भुंगा आतून बांबू खात असतो. म्हणून दुकानात दुसरा प्रश्न हा : बांबू किती वर्षांचा, आणि त्याला औषध कोणते दिले? ज्याला माल माहीत आहे तो सांगतो. ज्याला माहीत नाही तो गिऱ्हाइकाला मासिकातले फोटो दाखवू लागतो.

सरसाचेही पाहिले पाहिजे. या सरसात फॉर्मल्डिहाइड नावाचा पदार्थ असतो आणि हलक्या मालातून तो वायुरूपाने बाहेर पडत राहतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. घाबरून जायचे कारण नाही. चांगल्या मालात त्याचे प्रमाण फारच कमी ठेवलेले असते आणि खोक्यावर तसा दर्जा लिहिलेला असतो. 'ई-१' किंवा त्याहून कडक 'ई-०' लिहिलेले पाहावे. आणि बाईचे नाक हे काही कमी यंत्र नव्हे. नवे खोके उघडून तोंड जवळ न्यावे. उग्र वासाने डोळ्यांत पाणी आले, तर ते खोके तिथेच ठेवावे. तान्ही मुले या जमिनीवर पालथी पडून श्वास घेतात, आणि हल्ली वातानुकूलित यंत्रासाठी खिडक्याही बंद असतात.

आता तुकड्याविषयी. दोन-तीन दुकानांतून वीतभर लांबीचे तुकडे आणावेत, प्रत्येकावर दुकानाची खूण करावी. आधी कड पाहावी. कडेला वरपासून खालपर्यंत बांबूचे धागे दिसले तर तो भरीव माल. वर कागदाएवढा बांबू आणि खाली भुशाची फळी असेल, तर ती वेगळी वस्तू आहे आणि तिचा भाव वेगळा असायला हवा. काही फळ्यांवर तर बांबूचे नुसते छापील चित्र असते. दोन-तीन फळ्या शेजारी ठेवल्या की तेच पेर त्याच जागी पुन्हा आलेले दिसते, मग ओळखावे. एकाच आकाराचे तुकडे हातात तोलून पाहिले, तर हलका कोणता तेही लगेच कळते.

मग घरचे प्रयोग. एका तुकड्यावर हळद-तेलाचा थेंब आणि कुंकवाचे बोट लावून दोन तास ठेवावे व पुसून काढावे. वरचा थर चांगला असेल तर डाग निघतो. रुपयाचे नाणे जरा जोर देऊन ओढावे. दुसरा तुकडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. सकाळी थोडासा फुगलेला दिसेलच, कोणतेही लाकूड फुगते. पण पट्ट्या एकमेकींपासून सुटल्या असतील, कड करवतीसारखी फुटली असेल, किंवा वाळल्यावर तुकडा नावेसारखा वाकला असेल, तर तो माल आपल्या घरचा नव्हे. आमच्याकडे नवा माल आला की ही रात्रीची बादली ठरलेलीच असते. माझ्या मुलीने तिला 'परीक्षेची बादली' असे नाव ठेवले आहे.

हमीपत्राविषयी एक हकीकत सांगते. आपल्यातल्याच एका भगिनीची आहे. तिचे नाव सांगत नाही, दुकानाचेही नाही. तिने दोन बांगड्या मोडून दिवाणखान्यात बांबूची जमीन करून घेतली. दुकानदाराने 'वॉटरप्रूफ आहे, पंचवीस वर्षांची गॅरंटी' असे सांगितले होते. पहिल्याच जुलैत खिडकीजवळच्या फळ्या कडांनी वर उचलल्या, मध्ये वाटीसारखा खळगा झाला. दुकानदार म्हणाला, 'बाई, तुम्ही पाण्याने पुसली.' गॅरंटीचा कागद काढून पाहिला, तर पंचवीस वर्षांची हमी वरच्या पॉलिशचा थर झिजण्याची होती. पाणी, दमट हवा, वाळवी, चुकीची बसवणूक, या सगळ्यांना बारीक अक्षरांत वगळले होते. तिच्या यजमानांनी खाली-वर दोनदा फेऱ्या मारल्या, पण पैसे गेले ते गेले. अशा कागदात हमी कशाची नाही, ते आधी वाचावे. इंग्रजी येत नसेल तर मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. आणि 'वॉटरप्रूफ' हा शब्द ज्याने उच्चारला, त्याच्याकडून तो बिलावर लिहून घ्यावा. तो लिहून देत नाही, असाच माझा अनुभव आहे.

माल चांगला असूनही बसवणुकीत नासतो. नव्या इमारतीतले सिमेंट वरून कोरडे दिसते, पण आत महिनोन्महिने ओल असते. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी उचलावा. खाली पाण्याचे थेंब किंवा सिमेंटला काळपट ओल दिसली, तर कंत्राटदार कितीही घाई करो, थांबावे. माल घरी आला की खोकी उघडून त्याच खोलीत निदान तीन दिवस ठेवावा, म्हणजे तो आपल्या हवेला सरावतो. स्ट्रँड वोव्हनला दोन आठवडे दिलेले बरे. भिंतीलगत चारी बाजूंनी दहा-बारा मिलिमीटर फट सोडलीच पाहिजे. पावसाळ्यात फळ्या फुगतात, त्यांना सरायला जागा हवी. ती फट पुढे पट्टीखाली झाकली जाते. फट न सोडता घट्ट बसवलेली जमीन श्रावणात मधोमध टेकडीसारखी वर येते. भर मे महिन्यात किंवा भर पावसात बसवू नये, दिवाळीनंतरचे दिवस चांगले. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीला एकशेवीस चौरस फूट लागते. कापाकापीसाठी पाच ते दहा टक्के जास्त मागवावे, आणि उरलेल्या फळ्या सुताराला परत न देता माळ्यावर ठेवाव्यात. (हे मी सुताराच्याच घरातून सांगते आहे!)

आता घरात कुठे करावी? स्वयंपाकघरात, न्हाणीच्या दाराशी, गॅलरीत आणि तळमजल्यावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तळमजल्यावर ओल आणि वाळवी दोन्ही येतात. देवघराखाली समईचे तेल ठिबकते, तिथे दगडाचा एक तुकडा बसवून घ्यावा. लोखंडी कपाटाच्या पायांखाली फळीचे रुंद तुकडे द्यावेत. नारळ फोडणे, खलबत्ता कुटणे हे त्या खोलीत नकोच. आणि पुसायचे ते घट्ट पिळलेल्या फडक्याने. फिनेलची बादली ओतून खराट्याने घासायची ज्यांना सवय आहे, त्यांनी कृपा करून लादीच करावी, त्यात त्यांना समाधान आहे. कामाला बाई येत असतील, तर जमीन ठरवण्याआधी त्यांनाही विचारावे. त्यांच्या हातात फडके आहे.

इतके पथ्य असेल तर ही जमीन करायचीच कशाला, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरी का केली ते सांगते. आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जुन्या जागेतल्या गुळगुळीत लादीवर त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या हिंडू-फिरू लागल्या. पण मनात भीती बसली. पलंगावरून पाय खाली टाकण्यापूर्वी त्या जमिनीकडे अशा बघत, जशी आपण विहिरीत बघतो. शिवाय लादीचा गारठा गुडघ्यांना सोसत नसे. लादी आपल्या पायातली ऊब झटकन ओढून घेते, बांबू तशी ओढत नाही. म्हणून तो पायाला कोमट लागतो. नव्या जागेत आम्ही फक्त त्यांच्या खोलीत बांबू केला. पिवळा, साध्या रंगाचा, आणि चकचकीत पॉलिश न देता मंद थराचा, कारण चकचकीत असेल तर बांबूवरूनही पाय घसरतो. बाकी घरात खरबरीत लादी आहे. पैसेही तेवढेच होते, खोटे कशाला बोला. आता सासूबाई सकाळी भिंत न धरता खिडकीपर्यंत जातात. परवा तर खाली बसून मटार सोलत होत्या, आणि उठायला हात द्यायला गेले तर म्हणाल्या, 'राहू दे गं, ही जमीन मला धरते.'

एक गोष्ट सांगायची राहिली. बांबूच्या जमिनीचा माल बहुतेक चीनमधून येतो, हे खरे. पण आपल्या देशातही आता तो होतो. २०२३ साली दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तिथली बांबूची जमीन त्रिपुरातून आलेली आहे. आमच्या सिंधुदुर्गातला माणगा मात्र अजूनही बहुतेक काठी म्हणूनच ट्रक भरून घाटावर जातो. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला; त्यामुळे स्वतःच्या जागेतला बांबू तोडणे आणि नेणे पुष्कळ सोपे झाले. कुडाळला कोनबॅक ही संस्था बांबूची घरे आणि सामान करते, ते जाता-येता जरूर पाहा. आपल्याकडच्या माणग्याच्या फळ्या आपल्या खोल्यांत अंथरलेल्या पाहाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे. पण देशी आहे म्हणून वाईट माल डोळे मिटून घ्या, असे मी कधी म्हणणार नाही. त्यालाही बादलीत रात्र काढावी लागेल.

मागच्या टेबलावर मी पाच तुकडे मांडून ठेवले आहेत. त्यांत एक तपकिरी, एक पिवळा, एक स्ट्रँड वोव्हनचा, एक नुसता छापील चित्राचा, आणि एक भुंग्याने खाल्लेला आहे. तो उचलताना खाली कागद धरा, पीठ सांडते. चहा झाल्यावर हातात घेऊन पाहा आणि छापील कोणता ते मला सांगा. ज्यांच्या इमारतीचा कागद आला असेल त्यांनी तुकडे घरी न्यावेत, नाव वहीत लिहावे आणि पुढच्या सोमवारी भजनाच्या वेळी आठवणीने परत आणावेत.